धुराचं जळण

माझ्या भावाने एका रविवारी सकाळी चांगला खणखणीत रुपया काचेच्या पेल्यात टाकला आणि त्यावर सोनाराकडून आणलेलं तेजाब ओतलं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला वाघ, असा तो निकेलचा रुपया. पेल्यातून लालसर वाफा निघू लागल्या, राजा गेला, वाघ गेला, आणि दुपारपर्यंत नुसतं हिरवंगार पाणी उरलं. आमची माय दारात उभी राहून हे बघत होती. 

“काऊन रे बाबू,” ती म्हणाली, “लक्ष्मीले तेजाबात टाकून राहिला? येड लागलं का तुले?”

“मले धूर जाळाचा हाये माय,” दादा म्हणाला.

“धूर कधी जळते का? जळून झाल्यावरच तर धूर होते.”

तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. दादाने पुढे मला समजावलं तेव्हा त्यानेही हेच मान्य केलं. लाकूड, कोळसा जळून जे संपतं त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो पुन्हा जळत नाही. पण त्यात हायड्रोजन मिसळून तो गरम निकेलवरून नेला, तर त्याचा मिथेन होतो, आणि मिथेन जळतो. म्हणजे चुलीतून जे फुकट वर जातं, त्यावरच पुन्हा चूल पेटवता येईल, असं त्याच्या डोक्यात होतं. निकेल यात स्वतः खर्ची पडत नाही. शास्त्रात त्याला उत्प्रेरक म्हणतात. दादा त्याला लग्न जुळवणारा मामा म्हणायचा. दोन्हीकडच्या माणसांना एका ओसरीवर बसवायचं, सुपारी फुटली की आपण उठायचं आणि पुढच्या घरी जायचं, एवढंच त्याचं काम.

आम्ही तेव्हा गोंदियात, धान गिरणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. वडील दवनीवाड्याला धानाच्या शेतीवर आणि माय आमच्या दोघांच्या स्वयंपाकासाठी शहरात. दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. मी मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो समज पुढे निवृत्तीपर्यंत टिकला. दादा नागपुरात रसायनशास्त्र शिकला होता, वरच्या नंबराने पास झाला होता, आणि तिथेच प्रयोगशाळेत राहून संशोधन करावं एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यात धरली होती. पण घरी कमावणारं कोणी हवं होतं. तो आला, आणि आल्यावर त्याने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. रोज पोरांना तीच ती आम्लं आणि तेच ते अल्कली शिकवून घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि गप्प बसायचा. मला त्याच्या त्या गप्प बसण्याचा फार राग यायचा.

मायला खोकला होता. मागच्या परसात ओल्या लाकडाची चूल, पावसाळ्यात तर नुसता धूर. फुंकणी खाली ठेवून ती भिंत धरून खोकायची आणि खोकला थांबला की पुन्हा फुंकायला बसायची. दादाने धुराचा नाद घेतला तो तिथूनच. हळूहळू मात्र त्या नादात त्याची जुनी इच्छाही जागी झाली. हे जमलं तर नागपूरच्या त्याच्या जुन्या प्राध्यापकांना दाखवता येईल, आणि ते त्याला प्रयोगशाळेत बोलावतील. हे तो बोलला नाही. पण त्याला पुन्हा शीळ घालताना ऐकलं तेव्हा मला कळलं.

हिरव्या पाण्यात त्याने कवेलूचे, म्हणजे छपराच्या कौलांचे, बारीक तुकडे भिजवले, भाजले, आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या लोखंडी नळीत भरले. नळीखाली शाळेतले स्पिरिटचे दोन दिवे. हायड्रोजन टॉर्चच्या जुन्या सेलच्या जस्तापासून. आणि धूर शेगडीतून. निखाऱ्यांनी भरलेल्या शेगडीवर बुडाला भोक पाडलेलं मातीचं मडकं पालथं घालायचं, भोकातून नळी काढायची, ती पाण्यातून आणि कापसातून फिरवून निकेलकडे न्यायची. पलीकडच्या टोकाला पाण्याने भरलेला रॉकेलचा डबा. त्याच्या खालच्या तोटीतून पाणी ठिबकत राहायचं आणि जेवढं पाणी जाईल तेवढा धूर आपोआप ओढला जायचा. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे. घरमालक राइस मिलवाले, ते दारातून म्हणायचे, “मास्टरजी, धुएँ से रोटी पकेगी, तो मेरी मिल की चिमनी भी ले जाओ.” दादा हसायचा. मी घरमालकांकडे अशी बघायचे की ते पुढच्या वेळी लांबूनच बोलायचे.

बाहेर येणारा वायू डब्यात साठला की दादा तो काचेच्या बारीक तोंडाशी पेटवायचा. पण ज्योत लागली म्हणून भागत नव्हतं, कारण नुसता हायड्रोजनही जळतोच. म्हणून तो आधी वायू चुन्याच्या पाण्यातून धुऊन घ्यायचा, म्हणजे उरलेला धूर त्यात राहायचा नाही. मग ज्योतीवर ग्लास पालथा धरायचा आणि त्यात चुन्याची ताजी निवळी टाकून हलवायचा. निवळी दुधासारखी झाली तर मिथेन. स्वच्छ राहिली तर हायड्रोजनच, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्यांदा निवळी पांढरी झाली त्या दिवशी दादाने ग्लास माझ्या हातात दिला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मायला निवळीतलं काही कळलं नाही, पण निळी ज्योत तिने पाहिली आणि मुलाचा चेहरा पाहिला. तिन्हीसांजेला दादा बाजारात गेल्यावर तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, त्या सगळ्या नळ्याबाटल्यांवरून ओवाळल्या, शेगडीवरचं मडकं उचललं, मूठ निखाऱ्यांवर टाकली आणि मडकं परत ठेवलं.

नजर काढताना आमच्याकडे सगळं लक्ष ठसक्यावर असतं. मिरच्या जळाल्या आणि घरातल्यांना सटासट शिंका आल्या, खोकला लागला, तर नजर वगैरे काही नव्हती. मिरच्या जळून खाक झाल्या आणि कोणाला साधा ठसकाही लागला नाही, तर नजर लागलेली होती, आणि तीही जबर.

ठसका लागला नाही.

“पाह्य,” माय कुजबुजली, “पाह्यली केवढी नजर होती! दादाले सांगू नको. सांगितलं का गुण जाते.”

मी हसले. शिकलेली होते ना. नजर, मोहरी, असल्या गोष्टींवर मी तिच्याशी वाद घालणंही सोडून दिलं होतं. त्यामुळे ना मी काही बोलले, ना विचार केला.

पुढच्या रविवारी ज्योत पेटली, पण निवळी स्वच्छ राहिली. दादाने नळी जास्त तापवली, कमी तापवली, कापूस बदलला. काही उपयोग झाला नाही. त्याने दुसरा रुपया विरघळवला, नवे तुकडे भरले, आणि निवळी पुन्हा दुधासारखी झाली. त्या संध्याकाळी मायने पुन्हा मूठ ओवाळली. त्यानंतर निवळी पुन्हा स्वच्छ. असं ते चालू राहिलं. तो कधी आपल्या हाताला दोष द्यायचा, कधी सोनाराच्या तेजाबाला. माय म्हणायची, गल्लीतल्या लोकांची तोंडं वाईट. मी म्हणायचे, शाळेत निदान जेवणाच्या सुट्टीत तरी जेवत जा.

शेवटी दादाने प्राध्यापकांना पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं की ते गोंदियावरून पुढे जाणार आहेत, आणि सकाळच्या गाडीने उतरून दुपारच्या गाडीने निघतील. प्रयोग पाहतील, आणि पटला तर दादाला आपल्याकडे घेतील, जागा आहे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. दादाने नवी नळी भरली. आदल्या दिवशी त्याने निवळी करून बघितली तर ती अशी पांढरी झाली की ग्लासाच्या पलीकडचं दिसेना. सकाळी त्याने शेगडी फुलवली, दिवे लावले, तोटी ठिबकत ठेवली, म्हणजे पाहुणे येईपर्यंत सगळं तापलेलं राहील. आणि धुतलेला सदरा घालून तो स्टेशनवर गेला.

मी आत पोहे भिजवत होते. माय शेगडीशी होती. तिने मूठ टाकली, मडकं ठेवलं, थांबली. ठसका नाही. तिने अजून एक मूठ आणली, या वेळी मिरच्या जास्त. तरीही ठसका नाही. ती घाबरली. “आज तर कोनाची पापीन नजर हाये,” असं पुटपुटत ती तिसऱ्यांदा मोहरीच्या डब्याकडे गेली.

प्राध्यापक मोठे सभ्य गृहस्थ होते. चप्पल बाहेर काढून आत आले, मायला नमस्कार केला, पोहे मागून खाल्ले. नंतर प्रयोगापुढे बसले. ज्योत पेटली. दादाने ग्लास धरला, निवळी टाकली, हलवली. निवळी स्वच्छ. त्याने पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ.  प्राध्यापकांनी त्याच्या हातातून ग्लास घेऊन उजेडाला धरला.

“हा हायड्रोजन जळतोय,” ते हळू आवाजात म्हणाले.

“सर, काल... काल पूर्ण पांढरी झाली होती.”

“होते कधीकधी. चुन्यात आपलाच श्वास गेला तरी पांढरी होते.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “मेहनत दिसते तुमची. पण एक सांगू? आधी स्वतःला फसवू नका. संशोधनात ती पहिली पायरी.”

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की त्यांच्यावर रागावताही येईना. दादा त्यांना गाडीवर सोडून आला आणि सदरा न काढता भिंतीकडे तोंड करून निजला. माय त्याच्या पायाशी बसून राहिली. ज्योत तर पेटली होती, मग साहेब का गेले, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगून तिला कळलंही नसतं.

पावसाळा आला आणि गेला. दादाने सगळं सामान माळ्यावर टाकलं होतं. पण “स्वतःला फसवू नका” हे त्याला खुपत असावं. दिवाळीच्या सुट्टीत त्याने पुन्हा एकदा नळी भरली. कोणाला दाखवायला नाही, आपण खोटं बोललो नव्हतो एवढं स्वतःलाच कळावं म्हणून. निवळी पांढरी झाली. तो बाहेर पडला, आणि बिडीचं बंडल विसरलं म्हणून कोपऱ्यावरून परत आला. माय मडकं उचलून उभी होती. मूठ नुकतीच सुटली होती.

मी तिथेच होते. दादा दारातच थांबला. मायने मडकं ठेवलं. मोहरी आत तडतडत होती, आणि खोलीत वासही नव्हता. कारण सगळा धूर मडक्यातून नळीत, नळीतून निकेलकडे चालला होता. ठसका लागणार कुठून?

“ठसका नाई लागला रे बाबू,” माय त्याला म्हणाली. आता सापडलेच आहोत तर सांगून टाकावं, असं तिला वाटलं असणार. “पाह्य, अजूनही तुझ्यावर लोकाइची नजर हाये.”

“माय,” त्याने विचारलं, “ते साहेब आले त्या दिवशीही काढली होती का?”

“काढली ना. तीनदा काढली. तेवढ्या मोठ्या कामाले नजर काढल्याशिवाय जाऊ दिलं असतं का म्या तुले?”

दादाने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरले नाही.

“बरं केलं माय,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी त्याच्या मागे धावले. तलावाच्या पाळीवर जाऊन बसल्यावर त्याने सांगितलं. मोहरीत गंधक असतो. जळाला की वायू होऊन निघतो. निकेलला गंधकाचा फार लोभ. एकदा तो निकेलवर बसला की पंगतीत येऊन बसलेल्या अशा पाहुण्यासारखा, जो जेवत नाही आणि पाटावरून उठतही नाही. मग धुराला बसायला जागाच राहत नाही. एवढीशी मोहरी पुरते. बोलता बोलता तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मोठा माणूस, शाळेतला मास्तर, तलावावर धुणं धुणाऱ्या बाया बघत होत्या.

माझं डोकं फिरलं. “मी जाऊन सांगते तिला. इतके दिवस तेच ते! तुझं आयुष्य जाळलं तिने त्या शेगडीत!”

“नाही सांगायचं.”

“काऊन नाही?”

“तिच्याजवळ माझ्यासाठी दुसरं काय होतं, बाई? प्राध्यापकांना सांगायला तिला येत नव्हतं. मला पैसे द्यायला नव्हते. मोहरी होती, ती तिने टाकली.” त्याने मला आमच्या वडिलांची शपथ घातली. मी ती पाळली, पण माझा राग काही गेला नाही. मायला वाढताना माझा हात आपटायचा आणि का ते तिला कळायचं नाही.

प्राध्यापकांकडची जागा तोवर भरली होती. त्यानंतर एक एक करून दिवस गेले तसे गेले. माझं लग्न झालं, मी अर्जुनीकडच्या शाळेत लागले. दादाचं लग्न झालं. तो शाळेत शिकवत राहिला, चांगला शिकवायचा म्हणतात. घरात पुन्हा शीळ ऐकू आली नाही.

मायचा खोकला मग तिला घेऊनच बसला. आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्याला वर्ष झालं असेल, तेव्हा दादाचा निरोप आला आणि मी गोंदियाला गेले. ती वाळून अंथरुणाला चिकटली होती. साधा खोकला आला तरी श्वास परतायला इतका वेळ लागायचा की आम्ही सगळे आपलेही श्वास धरून बसायचो. डॉक्टरांनी हात टेकले होते. वहिनी ओसरीवर दुसरी शेगडी पेटती ठेवायची, छाती शेकायला.

एका सकाळी माय दादाला म्हणाली, “बाबू, तो धूर एकदा जाळून दाखव न. किती दिवस झाले.”

दादाने माळ्यावरून सामान काढलं. वाघाचा एक जुना रुपया वहिनीच्या डब्यात निघाला. दोन दिवस त्याने ते कवेलूचे तुकडे भिजवले, भाजले. मी पुन्हा नळ्या धरल्या. दारंखिडक्या उघड्या टाकून दुपारी त्याने शेगडीवर मडकं पालथं घातलं, आणि उन्हं उतरताना ज्योत लागली. निळी, लहान, पण सरळ उभी. दादाने निवळी हलवली. ती दुधासारखी झाली. त्याने ग्लास मायच्या डोळ्यांपुढे धरला, आणि ती नुसतं हसली.

मग म्हणाली, “मोहरी आण.”

मी दादाकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पुन्हा पेटलेली ज्योत होती ती, आणि यापुढे तो कधी पेटवणार नाही हे मला समजत होतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि मीठ, मोहरी, मिरच्या स्वतः घेऊन आला. मायच्या हातात मूठ धरण्याचंही बळ नव्हतं. त्याने तिची बोटं आपल्या हाताने मिटली. तिच्यापुढे डोकं वाकवलं. त्याच्याच आधाराने तिने त्याच्यावरून हात फिरवला, ज्योतीवरून फिरवला, आणि दादाने मडकं उचलल्यावर मूठ सोडली. दादाने मडकं झटकन ठेवलं.

आम्ही वाट पाहिली. मोहरी तडतडली. कोणालाच ठसका लागला नाही.

“केवढी नजर होती रे,” माय म्हणाली, आणि तिचे डोळे मिटत गेले. तिला झोप लागली. किती दिवसांनी तिला अशी शांत झोप लागली होती.

ज्योत पेटलीच होती, पण बघता बघता तिच्यातला निळा रंग ओसरला आणि ती नुसत्या हायड्रोजनसारखी फिकी झाली. दादाने ग्लास धरला, निवळी टाकली, हलवली. स्वच्छ. त्याने ग्लास खाली ठेवला आणि दिवे विझवले.

मला राहवलं नाही. “ओसरीवर दुसरी शेगडी होती ना,” मी हळूच म्हणाले. “त्यात टाकायची होती. तिला काय कळलं असतं? निळी ज्योत तरी राहिली असती.”

दादा मायच्या छातीवरचं पांघरूण सारखं करत होता.

“उघड्या शेगडीत टाकली असती तर तिला ठसका लागला असता, बाई,” तो म्हणाला.